लाल चिंधी

शिट्टी काम सोडून गेला तेव्हा गोठ्यात नऊ गाई दुभत्या होत्या आणि घरात एक ओली बाळंतीण.

शिट्टी म्हणजे धारा काढणारा गडी. धार काढताना सारखी शिट्टी घालायचा म्हणून त्याचं नाव शिट्टी पडलं, आणि खरं नाव सांगायची वेळ आली की त्याची बायकोसुद्धा अडखळायची. पलीकडच्या मोठ्या गोठ्यात दूध काढायची यंत्रं आली, तिथं त्याला बटणं दाबायचं काम मिळालं. जाताना त्यानं दोन्ही हात मालकांपुढं, म्हणजे बाळंतिणीच्या सासऱ्यांपुढं धरले. बोटं वाकडी झाली होती, मूठ मिटत नव्हती. "मालक, ही बोटं आता माझी राहिली नाहीत," तो म्हणाला. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी सासरे पुष्कळ बोलले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा मुलगा, बाळंतिणीचा नवरा, बादली घेऊन बसला. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याचं एक बोट अर्धं गेलेलं, उरलेली राठ. ढवळी गाय त्याच्या हाताखालून सरकली, मग पाय झाडला, मग बादली लवंडली. गाईंना शिट्टीची सवय होती. कानावर शिट्टी पडल्याशिवाय एकही पान्हा सोडेना. सासऱ्यांनी वाजवून पाहिली, पण त्यांना पुढचे दात नव्हते, नुसती हवा गेली. मुलगा हसला आणि बापाच्या शिव्या खाल्ल्या.

सून दारात उभी होती. अंगावर शाल, कानाला फडकं. बाळाला अजून मान धरता येत नव्हती. पण माहेरी तिनं लहानपणापासून धारा काढल्या होत्या, आणि समोर दूध वाया जात होतं. शाल खुंटीला टांगून ती पुढं झाली. ढवळीच्या पोटाला खांदा लावला, ओठांचा चंबू केला आणि हळूच शिट्टी घातली.

सासूच्या कपाळाला आठी पडली. बाईमाणसानं शिट्टी घालायची हे तिच्या कानाला सोसण्यातलं नव्हतं. पण बादलीत धार वाजायला लागली तशी तिनं दुसरी बादली पुढं सरकवली. या घरात दुधापुढं कुणाचं काही चालत नसे.

ढवळीनं पान्हा सोडला आणि त्याच वेळी सुनेच्या छातीतही कळ आली. दोन्ही बाजूंनी दूध उतरलं आणि ब्लाउज भिजला. तिला हसू आलं आणि लाजही वाटली. दुसऱ्या दिवसापासून ती आत कापडाच्या घड्या घालून, वरून पदर आवळून बांधून गोठ्यात यायला लागली.

तिथून सगळं सुरू झालं, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. येणार तरी कसं? धारा वेळेवर होत होत्या, कॅन वेळेवर डेअरीला जात होते, घरातली माणसं खूश होती. सून सकाळ-संध्याकाळ वाकून बसायची, बादली गुडघ्यांत, छातीची उजवी बाजू मांडीवर दाबलेली. पाचव्या गाईपर्यंत आलं की घरातून बाळाचं रडं ऐकू यायचं.

"आले म्हणावं," ती ओरडून सांगायची.

"एवढी गाय होऊ दे," सासरे म्हणायचे. "अर्धी सोडलीस तर बिघडेल ती."

ती गाय व्हायची, मग पुढची. तोवर घड्या भिजून गार पडायच्या आणि बाळ रडून रडून झोपलेलं असायचं. झोपलेल्याला उठवू नये म्हणून ती स्वैपाकाला लागायची.

त्या हिवाळ्यात ऊन असं पडलंच नाही. सकाळी धुकं, दुपारी मळभ, आणि गोठ्यातली जमीन कायम ओली. मुलगा फावड्यानं शेण ओढून ओढून थकला, पण खाली कोरडं म्हणून काही लागेना. अशा हवेत गाईंच्या कासा बिघडतात. सासरे रोज प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या फरशीच्या तुकड्यावर सोडून बघत. एका सकाळी ढवळीच्या मागच्या उजव्या सडातून दुधाबरोबर गुठळ्या पडल्या. सासऱ्यांनी त्या बोटानं चिरडून पाहिल्या.

"दगडी," ते म्हणाले.

कास सुजून दगडासारखी घट्ट होते ती दगडी. हा शब्द त्या गोठ्यात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. मागच्या वर्षी त्या दुधाचा एक घोट कॅनमध्ये गेला तर डेअरीवाल्यानं अख्खा कॅन त्यांच्यादेखत गटारात ओतला होता. त्यामुळं घरचा नियम कडक होता. दगडीच्या गाईच्या मागच्या पायाला लाल चिंधी बांधायची, म्हणजे झोपेतसुद्धा चूक व्हायची नाही. तो सड बंद करायचा, त्याला हात लावायचा नाही, वासरू लावायचं नाही. बाकीचे तीन पिळायचे. दूध आटलं की आजार आटतो, असा या घरचा हिशेब होता आणि तो सासऱ्यांच्या आईपासून चालत आला होता. सड जायचा, पण गाय बहुधा राहायची.

सासूनं जुन्या लाल चादरीची पट्टी टरकावली आणि ढवळीच्या पायाला बांधली.

सुनेच्या उजव्या बाजूला, काखेकडं, तेव्हाच एक गाठ आलेली होती. आधी हरभऱ्याएवढी, मग लिंबाएवढी. अंघोळीच्या वेळी गरम पाण्यात ती चोळून बघायची. चोळलं की कळ थेट पाठीत जायची. बोलली नाही. गाठ हा शब्द तोंडातून काढायचीच तिला भीती वाटत होती. मग एका दुपारी चारा आणताना तिचे दात वाजायला लागले. भारा तिथंच टाकून ती घरात आली, गोधडीवर गोधडी घेतली, तरी थंडी हाडातून जाईना. संध्याकाळपर्यंत अंग फणफणलं.

"बघू," सासू म्हणाली आणि चुलीपुढं तिला बसवून ब्लाउजची बटणं काढली. काखेपासून बोंडापर्यंत लालभडक पट्टा उठला होता. सासूनं दोन बोटांनी दाबून पाहिलं. गाईची कास पाहायची तीच दोन बोटं, तसंच दाबणं.

"दगडी आहे ही," ती म्हणाली.

सून आधी हसलीच. नवराही दारातून म्हणाला, "म्हणजे आता हिचं दूध डेअरीला चालायचं नाही!" त्यावर सासरेही बाहेर खाकरले. मग सासूनं चादरीची उरलेली पट्टी काढली आणि सुनेच्या उजव्या मनगटावर घट्ट गाठ मारली. तेव्हा कुणी हसलं नाही.

"हे कशाला, आई?"

"झोपेच्या गुंगीत घेशील त्याला या बाजूला. हे दिसलं की आठवेल. या बाजूला आता हात लावायचा नाही. बंद करायची."

"ठणकतंय हो. थोडं पिळून टाकते."

"पिळलं की पुन्हा भरतं. गाईचं काय निराळं असतं का? आणि घाणेरडं दूध पोरानं प्यायचं म्हणतेस?"

पोराच्या पोटात घाण जाईल म्हटल्यावर सुनेनं ब्लाउजची बटणं लावून घेतली. सासू काही दुष्ट नव्हती. वीट तापवून फडक्यात गुंडाळून तिनं स्वतः शेकलं, सुनेच्या वाटणीची भांडी घासली, बाळाचे लंगोट धुतले. आणि सुनेचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून जे कुणाला कधी दाखवलं नव्हतं तेही दाखवलं. पदर बाजूला केला. तिची उजवी बाजू रिकाम्या पिशवीसारखी सपाट होती.

"माझ्याही सासूनं बंद केली होती. पुढं डावीही आटली, पण मला काय झालं? उभी आहे ना तुझ्यासमोर?"

सुनेनं मान हलवली. नवऱ्याच्या आधी या घरात एक मुलगा होता, पाळण्यातच गेला, एवढं तिला माहीत होतं. त्याला वरचं दूध मानवलं नाही, असं सांगत.

पुढचे दिवस वाईट गेले. ताप सकाळी जरा उतरायचा, म्हणून ती सकाळी धारा काढायची. संध्याकाळी चढायचा, तरी धारा काढायची, कारण काढणारं दुसरं कुणी नव्हतं. शिट्टी घातली की बंद बाजूलाही पान्हा यायचा, जायला वाट नसायची, आणि डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. ती दात आवळून पुढची गाय घ्यायची. डाव्या बाजूचं दूध ताप आल्यापासून कमीच झालं होतं. बाळ ओढओढ ओढायचं, मग मान मागं टाकून रडायचं. मनगटावरची चिंधीच तोंडात घालून चोखायचं. सासूनं गाईच्या दुधात पाणी घालून चमच्यानं पाजलं तर त्यानं सगळं नाकातोंडातून बाहेर काढलं.

"लंगोट कोरडेच निघताहेत याचे," सून एका दुपारी म्हणाली.

सासूच्या हातातला लंगोट तसाच राहिला. तिनं तो गालाला लावून बघितला, घडी केली, पुन्हा उलगडला. त्या दिवशी ती जेवली नाही.

"दादा, दवाखान्यात नेऊ का हिला?" नवऱ्यानं बापाला विचारलं.

"ने की. मी कुठं नाही म्हणतोय? सकाळच्या धारा होऊ देत."

धारा होऊन तिचं आवरेपर्यंत शहराकडं जाणारी दूधवाली गाडी गेलेली असायची. मग संध्याकाळच्या धारा होऊ देत. मग उद्या. नवरा हो म्हणायचा आणि फावडं उचलायचा. सुनेला त्याचा इतका राग यायचा की तिकडं बघवत नसे. पण राग धरायलाही अंगात ताकद लागते.

ती ढवळीकडं बघत बसायची. ढवळी आता खात नव्हती. डोळे खोल गेले होते, नाक कोरडं पडलं होतं. बंद केलेला सड आधी तापलेला असायचा, आता गार लागत होता, आणि कातडीचा रंग निळसर झाला होता. हात लावला तरी ती पाय झाडत नव्हती. सुनेला त्याचीच भीती वाटली. त्या सकाळी तिनं ढवळीच्या पायावरची चिंधी बघितली, मग आपल्या मनगटावरची, आणि बादली खाली ठेवून भिंतीला टेकून रडली.

ढवळी घरातली सगळ्यात चांगली गाय, म्हणून तिच्यासाठी गुरांच्या डॉक्टरांना निरोप गेला. डॉक्टर दुपारी आले. उंच, वाकलेले, बुटांवर चिखल. गोठ्यात शिरताच वासानं त्यांनी नाकाला रुमाल लावला. सड दाबून पाहिला, बोटाला आलेलं काळपट पाणी पाहिलं.

"कधीपासून पिळला नाही हा?"

"लागला तेव्हापासून," सासरे म्हणाले. "बंद केलाय."

"का?"

"आमच्यात बंदच करतात."

डॉक्टर उठून उभे राहिले. "अहो, आत घाण झाली तर ती बाहेर काढायची का आत कोंडून ठेवायची? वासराला नका पाजू, कॅनमध्ये नका घालू, पण काढा तरी! रिकामा करत राहिला असता हा सड आणि वेळेवर औषध दिलं असतं, तर ही गाय आज चारा खाताना दिसली असती."

"सड जातो आमच्यात. गाय राहते."

"ही राहील असं मला वाटत नाही. शहरात मोठा जनावरांचा दवाखाना आहे. न्यायची असेल तर आत्ता टेम्पो बोलवा."

मुलानं फोन लावला. टेम्पोवाला लगेच यायला तयार झाला. तेव्हा गव्हाणीपाशी उभी असलेली सून म्हणाली, "डॉक्टर, बाईचं असलं तर?"

"काय?"

"बाईचं बंद केलं असलं तर?"

डॉक्टरांना तिच्या मनगटावरची चिंधी दिसली. त्यांनी खाली वाकून ढवळीच्या पायाची चिंधी पाहिली. पुन्हा वर पाहिलं. बाईचा चेहरा तापानं लाल, ओठ फुटलेले, उजवा हात अंगापासून दूर धरलेला. सासरे दुसरीकडं बघायला लागले.

"मी गुरांचा डॉक्टर आहे हो," ते म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "यातलं मला विचारू नका. माणसांच्या दवाखान्यात जा. आत्ता, याच टेम्पोनं जा."

"संध्याकाळच्या धारा..." सासरे म्हणाले.

"धारा गेल्या खड्ड्यात, दादा!"

असं या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि बोलला तो तिचा नवरा. स्वतःच्याच आवाजानं दचकून तो हातातल्या फावड्याकडं बघत राहिला. मग ते टाकून दिलं.

तर अशी सून दवाखान्यात निघाली. गाईसाठी बोलावलेल्या टेम्पोतून. मागं ढवळी आणि तिला धरून नवरा, पुढं ड्रायव्हरशेजारी सून आणि सासू, सासूच्या मांडीवर बाळ. सासरे दारात उभे राहिले. त्यांच्या मागं आठ गाई हंबरत होत्या.

रस्त्यावर धुकं उतरत होतं. बाळ आता मोठ्यानं रडत नव्हतं, नुसतं कण्हत होतं, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. सुनेनं डाव्या हातानं चिंधीची गाठ ओढायला सुरुवात केली. गाठ भिजून आवळली होती, नखाला दाद देईना.

"काय करतेस?"

"सोडते. याला घेते या बाजूला."

"वासराला पाजू नका म्हणाले ना ते? ऐकलंस ना?"

"आई," सून म्हणाली, "हे वासरू नाही."

सासू काचेतून बाहेर बघत राहिली. मग तिनं सुनेचं मनगट ओढून घेतलं, तोंडाशी नेलं आणि दातांनी गाठ सोडवली. चिंधी मुठीत धरली. ड्रायव्हरनं वरचा आरसा छताकडं फिरवला.

बाळानं तोंड लावलं आणि सून किंचाळली. त्यानं घाबरून सोडलं. पुन्हा लावलं. छाती दगडासारखी, त्याच्या हिरड्यांत काही येईना. ते ओढायचं, सुटायचं, पुन्हा शोधायचं. सुनेच्या कपाळावरून घामाच्या धारा चालल्या होत्या.

"शिट्टी घाल," सासू म्हणाली.

सुनेनं ओठ जुळवले. तापानं फुटलेले ओठ, आवाज कसला येतो? दोनदा करून पाहिलं आणि मान टाकली.

मग सासूनं स्वतः ओठांचा चंबू केला. आधी नुसती फुंकर गेली. ड्रायव्हरनं वळून पाहिलं, तर तिनं त्याला डोळ्यांनी पुढं बघायला लावलं. पुन्हा फुंकली. बारीक, फाटकी, सुरात नसलेली शिट्टी आली. ती थांबेना. धुक्यातून टेम्पो चालला होता आणि एक म्हातारी बाई शिट्टी घालत होती. बाळाच्या घशात घुटका वाजला. मग दुसरा. सुनेनं सीटची कड इतकी आवळली की बोटं पांढरी पडली, पण बाळाला हलू दिलं नाही.

मागून धपकन आवाज झाला. टेम्पो एका बाजूला कलला आणि नवऱ्यानं पत्र्यावर हात आपटले.

"गाय बसली वाटतं," ड्रायव्हर म्हणाला. "थांबू का?"

"थांबायचं नाही," सासू म्हणाली.

दवाखान्यात लांबलचक बाकं होती आणि फिनेलचा वास होता. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, घाईच्या. तपासलं आणि लगेच सुनेला आतल्या खोलीत नेलं. आत पू झाला होता, चीर द्यावी लागणार होती. सासू बाळाला घेऊन बाहेर बसली. आतून सुनेचा आवाज आला तसे तिनं बाळाचे कान झाकले. मुलगा आला, शर्टाला शेण आणि लाळ लागलेली.

"ढवळी गेली," तो म्हणाला.

सासूनं ऐकलं की नाही कळलं नाही.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. "आणखी एखादा दिवस थांबला असता तर विष रक्तात गेलं असतं. अजूनही धोका टळला म्हणणार नाही मी. आजची रात्र जाऊ दे. दूध बंद करायला कुणी सांगितलं होतं?"

"मी," सासू म्हणाली. "ते दूध घाण झालं म्हणून. पोराच्या पोटात जाऊ नये म्हणून."

"अहो, बाळाला काही होत नाही त्यानं. उलट बाळानं पीत राहायला हवं होतं, म्हणजे एवढं तुंबलंच नसतं. आता दोन्ही बाजूंनी पाजायचं. जखम आहे तोवर दुखेल, पण पाजायचं."

"चालतं ते दूध?"

"चालतं."

"पूर्वीही चालायचं?"

डॉक्टरीणबाईंना प्रश्न कळला नाही. "पूर्वी म्हणजे?"

"खूप वर्षांपूर्वी."

"आईचं दूध आहे ते, आजी. तेव्हाही चाललंच असतं."

सासूनं मान हलवली. एक हात पदराखाली गेला, आपल्या उजव्या बाजूवर, आणि तिथंच राहिला. दुसऱ्या मुठीत ती लाल चिंधी अजून तशीच होती. आतून नर्सनं हाक मारली, "बाळ आणा इकडं, आईकडं द्या." पुन्हा हाक मारली. सासू उठली नाही. मुलगा तिच्यापुढं वाकला.

"आई? काय झालं?"

"तुझा भाऊ उपाशी गेला रे," ती म्हणाली.

बाळ भुकेनं कण्हत होतं, म्हणून त्यानं तिच्या मांडीवरून ते उचललं आणि आत नेलं.